मावशीचा पारा

भंगाराच्या दुकानातली मावशी तशी कोणाचीच सख्खी मावशी नव्हती. तिला बहीण नव्हती, मग भाचे कुठून असणार? पण रद्दी घेऊन आलेल्या माणसाची रद्दी काट्यावर चढेपर्यंत ती त्याच्या घरच्यांची चौकशी करून, स्वतःच्या घरची हकीकत सांगून, वर करकरणाऱ्या दाराला कुठलं तेल घालावं हा सल्लाही देऊन मोकळी व्हायची. माणूस आपोआपच 'येतो मावशी' म्हणून निघायचा. तिच्या नवऱ्याला सगळे शेठ म्हणत, कारण दुकानात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर तो बसायचा. शेठ बोलायला फार कंजूष. कुणी त्यावरून छेडलं तर म्हणायचा, "माझ्या वाट्याचं हिला देऊन टाकलंय."

पुढे दुकान, मागे एक खोली, आणि त्या खोलीतून जिना चढून वर गेलं की घर. मागच्या खोलीत पूर्वी पुठ्ठा आणि बाटल्या असत. मग आसपासच्या कचेऱ्यांनी, शाळांनी, कापडाच्या मोठ्या दुकानांनी जुन्या ट्यूबलाइटी काढून नवे एलईडी दिवे बसवायला घेतले आणि शेठच्या दुकानात ट्यूबांचा पूर आला. इलेक्ट्रिशियन लोक त्या खांद्यावर मोळीसारख्या बांधून आणत. ट्यूबच्या दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या टोप्या असतात, त्यांना गिऱ्हाईक होतं. काचेलाही होतं. मधल्या पोकळीत काय आहे, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. उजेड असेल, आणि तो तर आता गेला.

फोडायचं काम मावशीने आपणहून घेतलं. शेठ फोडायचा तेव्हा टोप्या चेपायच्या. मावशीचा हात हलका आणि कमालीचा स्थिर. काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन ती जिना उतरायची आणि बशी कोरडी राहायची. ती बसक्या स्टुलावर बसायची, लोखंडी पिंपात ट्यूब उभी धरायची आणि सळईने हळूच टिचकी मारायची. ट्यूब दबका आवाज करून फुटायची आणि पांढरी पूड वर यायची. काच डोळ्यांत उडू नये म्हणून चष्मा, लागू नये म्हणून जाड हातमोजे, तोंडाला रुमाल. शेजाऱ्याने आवाजाची तक्रार केली म्हणून खिडकी बंद. संध्याकाळी केरसुणीने सगळी पूड गोळा करून ती पुन्हा पिंपातच टाकायची. काम नीटनेटकं होतं. त्यात आपलं काही चुकतंय असं वाटण्यासारखं तिला काहीच दिसत नव्हतं.

त्याच सुमारास घरात सून आली.

सून छोटी मालगाडी चालवायची. दुकानांचा माल इकडून तिकडे पोचवायचा हा तिचा व्यवसाय. लेकाने तिची ओळख करून दिली तेव्हा मावशीला ती मनापासून आवडली होती. स्वतःच्या गाडीचं चाक स्वतः बदलणारी मुलगी कुणाला आवडणार नाही? पण ती घरात राहायला आली आणि मावशीला काहीतरी व्हायला लागलं.

आधी झोप उडाली. मग हिरड्या दुखू लागल्या, तोंडाला सारखं पाणी सुटायचं आणि जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव यायची. हे सगळं वयावर ढकलता आलं. पण राग कशावर ढकलायचा? आयुष्यभर जी कुणाला उणा शब्द बोलली नाही ती बाई भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ताटावरून उठू लागली. एकदा सुनेने कपाटातले डबे लावून ठेवले, तर मावशीने सगळे डबे पुन्हा जमिनीवर मांडले आणि म्हणाली, "माझ्या घरात मला पाहुणी करून ठेवायचंय का तुला?" सून खाली वाकली. डबे उचलताना तिचे कान लाल झाले होते, ते तेवढे मावशीला दिसले. आपण हे का बोललो, हे तिला खरंच कळेना. शब्द तोंडातून निघून गेल्यावर तीच ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ऐकायची.

शेठने आपल्या परीने त्यावर तोडगा काढला होता. गिऱ्हाईक आलं की डोळ्यांनीच मागच्या खोलीकडे खूण करायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "जरा जपून. पारा चढलाय."

रागाहून वाईट होती ती लाज. मावशीला माणसं नकोशी झाली. कोणी समोर उभं राहून पाहू लागलं की अंगावर झुरळ चढल्यासारखं व्हायचं. हात थरथरू लागले होते. कप बशीवर वाजायचा आणि तो आवाज सगळ्या घराला ऐकू जातोय असं वाटायचं. तेव्हा ती दुकानात पुढे यायचंच टाळू लागली. रद्दीवाले विचारत, मावशी कुठे? शेठ म्हणायचा, आत आहे. आणि ती आतच असायची, मागच्या खोलीत, दार लोटून, खिडकी बंद करून. तिथे तिच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. कामातच जरा बरं वाटतं, असं ती स्वतःला सांगायची आणि आणखी एक मोळी सोडायची.

दात हलू लागला नसता तर हे असंच चालू राहिलं असतं.

दाताच्या डॉक्टरणीकडे तिला सून घेऊन गेली. लेक कामाच्या पाळीवर होता आणि शेठला दुकान सोडवत नव्हतं. गाडीत सासू-सुना पूर्ण रस्ताभर गप्प होत्या. डॉक्टरीण वयाने लहान आणि शांत होती. तिने तोंड तपासलं, हिरड्या दाबून पाहिल्या, मग आरसा बाजूला ठेवून म्हणाली, "हात पुढे करा बघू. बोटं पसरून."

"दात तोंडात आहे," मावशी म्हणाली.

"हो, पण तुम्ही पाण्याचा ग्लास उचलला तेव्हा मला वाटलं, हात बघावेत."

मावशीने हात पुढे केले. बोटं वाऱ्यावरच्या कागदासारखी हलत होती. तिने ती लगेच मांडीखाली दडवली.

"काम काय करता?"

"भंगाराचं दुकान आहे."

"तुम्ही स्वतः काय करता त्यात?"

"ट्यूबलाइटी फोडते."

डॉक्टरीण क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली आणि मग, मावशीला ती नजर नकोशी होतेय हे ओळखून की काय, खुर्ची वळवून सुनेला विचारू लागली. खोली केवढी आहे? खिडकी उघडी असते? किती दिवस चाललंय? सुनेने जे माहीत होतं ते सांगितलं. मग डॉक्टरणीने समजावलं. जुन्या ट्यूबमध्ये थोडासा पारा असतो. एकाच ट्यूबमधला अगदी किंचित. पण बंद खोलीत रोज इतक्या फोडल्या तर तो वाफ होऊन हवेत राहतो. दिसत नाही, वासही येत नाही. रुमालाने तो अडत नाही. "हिरड्या, थरथर, झोप न लागणं. स्वभावातही फरक पडतो. चिडचिड होते, माणसांत जायला नको वाटतं. तुम्हाला असं काही होतं का?"

मावशीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. सून उठली आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, म्हणजे दिसणार नाही अशी, आणि तिने खांद्यावर हात ठेवला.

मोठ्या इस्पितळात लघवीची तपासणी झाली. पारा निघाला, नको तेवढा निघाला. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, खरं औषध एकच, त्या खोलीपासून दूर राहायचं. शरीर पारा हळूहळू बाहेर टाकेल. थरथर कमी होईल, कदाचित पूर्ण जाणार नाही. स्वभाव मात्र परत येईल.

घरी आल्यावर शेठला सगळं सांगायची वेळ आली. तो नेहमीच्या खुर्चीत बसून ऐकत होता.

"पारा?" तो म्हणाला. "ताप मोजायच्या नळीतला असतो, तो?"

"तोच," सून म्हणाली.

"ट्यूबमध्ये? काच असते ट्यूबमध्ये. मी जन्मभर भंगारात बसलोय, मला नाही कधी पारा दिसला."

"बाबा, तो दिसत नाही. आईंच्या अंगात गेलाय. खरोखरचा पारा चढलाय त्यांना."

बोलून गेल्यावर सुनेने जीभ चावली. आणि मग मावशीला हसू फुटलं. हिरड्या ठणकत होत्या, तरी तिला हसू आवरेना. तिचं बघून सूनही हसायला लागली. दोघी पहिल्यांदाच एकत्र हसल्या होत्या. शेठ मात्र हसला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपण डोळे मिचकावून काय सांगत होतो, ते त्याला एकेक आठवत होतं. तो उठला, मागच्या खोलीत न शिरता बाहेरूनच दार ओढून घेतलं आणि दुकानातलं सगळ्यात मोठं कुलूप त्या दाराला लावलं. मग जिन्याकडे बघून त्याच्या लक्षात आलं की घरात जायची वाटच त्या खोलीतून आहे.

त्या दिवशी सगळी मंडळी सुनेच्या माहेरी राहायला गेली. सामानात सुनेने घरातलं काहीच घेऊ दिलं नाही, कपडेसुद्धा नाही; त्यांतही पारा बसला असेल, असं ती म्हणाली.

पुढचं काम नगरपालिकेच्या धोकादायक कचऱ्याच्या माणसांनी केलं. सून त्यांच्या कचेरीत दोनदा जाऊन बसली तेव्हा ती माणसं आली. तोंडावर नळकांड्यांचे मुखवटे लावून त्यांनी खोली उघडली, खिडक्या-दारं कित्येक दिवस उघडी ठेवली, ओल्या फडक्यांनी भिंती पुसल्या, जमिनीचा वरचा थर खरवडून काढला. केरसुणीला हातही लावू दिला नाही; झाडलं की पूड आणि वाफ पुन्हा हवेत उडते, असं ते म्हणाले. मावशीची केरसुणी, स्टूल, रुमाल, जिन्यावरची सतरंजी, सगळं घट्ट बंद पिंपांत गेलं. हवा मोजून ठीक आली तेव्हाच घर राहायला मिळालं. शेठने आता दुसऱ्या बाजूने, रस्त्यावरून, लोखंडी जिना बसवून घेतला होता.

न फोडलेल्या ट्यूबा शिल्लक होत्या, मागच्या अंगणात ताडपत्रीखाली. त्यांचं काय करायचं? त्या माणसांनी शहराबाहेरच्या एका कारखान्याचं नाव सांगितलं. ट्यूबा सुनेच्याच गाडीतून न्यायच्या ठरल्या, उभ्या खोक्यांत, कागद कोंबून. मावशी म्हणाली, "मीही येते. ज्यांनी मला एवढं छळलं ते कुठे जातात ते बघू दे."

कारखान्यात तिला काचेच्या भिंतीपलीकडून यंत्र दाखवलं. पट्ट्यावरून ट्यूबा एकामागून एक एका बंद पेटीत शिरत होत्या. आत त्यांची टोकं कापली जात, पांढरी पूड हवेच्या झोताने ओढून घेतली जात आणि पेटीतली सगळी हवा कोळशाच्या जाड गाळणीतून बाहेर पडत होती. एका तोंडातून काचेचा चुरा, दुसऱ्यातून टोप्या. पूड पुढे तापवून तिच्यातला पारा वेगळा काढत, आणि तो पुन्हा कामाला लागत असे. तिथल्या एका बाईने जाड काचेच्या बाटलीत तळाशी पडलेला थेंबभर पारा दाखवला. बाटली कलली तसा तो चकाकत इकडून तिकडे पळाला.

मावशी बराच वेळ बघत राहिली. "दिसायला केवढा गोड आहे," ती म्हणाली. मग यंत्राकडे बोट दाखवून सुनेला म्हणाली, "मी पिंपात जे करत होते तेच हे करतंय. फक्त ह्याला पेटी आहे, मला नव्हती."

बरं व्हायला वेळ लागला. आधी झोप परतली. मग तोंडाची चव. चिडचिड सगळ्यात शेवटी गेली; मधूनच कपाळावर आठी चढायची आणि मावशी घाईने म्हणायची, "थांब, ही मी नाही, हा तो आहे," आणि उठून बाहेर जायची. आणि एके दिवशी न्याहारीच्या वेळी तिने बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. सुनेच्या गाडीचा गिअर, शेजाऱ्याची नवी सायकल, शेठ तरुणपणी कसा शिट्टी वाजवायचा, वाटेल ते. सून चहाचा कप हातात धरून ऐकतच राहिली.

"आई, तुम्ही एवढं बोलता?"

"का, तुला त्रास होतोय?"

"नाही. म्हणजे मला वाटलं होतं, तुम्हाला मी आवडत नाही."

मावशीने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तू आलीस तेव्हा मी घरात नव्हते गं. आज आले."

लेकाने नंतर बायकोला विचारलं, सासू कशी वाटते? ती म्हणाली, "बदलून मिळालीय. परत करणार नाही."

शेठच्या दुकानात आता ट्यूबा फुटत नव्हत्या, नुसत्या जमा होत होत्या. दारात मावशीने उभी खोकी ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या ती हात धुऊन मागे लागू लागली. नवी ट्यूब ज्या पुठ्ठ्यातून येते त्यातच जुनी परत घाला. मोळी बांधू नका. कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नका. घरी फुटली तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, थोडा वेळ जाऊ द्या. मग पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेलं ओल्या कागदाने टिपा आणि झाकणाच्या बरणीत बंद करून आणा. केरसुणी नको. एका सद्गृहस्थांनी तुकडे जेवणाच्या डब्यात आणले तेव्हा मावशीने त्यांना त्या डब्यालाही निरोप द्यायला लावला. कुणी घाबरून अगदीच पांढराफटक पडला तर ती हसून सांगायची, "अहो, एका ट्यूबने काही होत नाही. मी त्यांचा डोंगर खाल्ला आणि तरी इथे उभी आहे."

पलीकडच्या रस्त्यावर दुसरा भंगारवाला होता. तिथे अजून ट्यूबा फोडत, हे इलेक्ट्रिशियन लोकांकडून कळत होतं. त्याची विधवा वहिनी हे काम करायची. मावशी त्याच्याकडे गेली आणि काही आडपडदा न ठेवता आपली हकीकत सांगितली.

तो हसला. "मावशी, माल तुमच्याकडे वळवायचा तर सरळ सांगा की. एवढी गोष्ट कशाला रचता?"

"बरं, रचलीय समज. वहिनीला एकदा भेटू दे."

त्याने खांदे उडवून मागची बाजू दाखवली. तिथे पत्र्याची शेड होती, दार अर्धं लोटलेलं. मावशी उंबऱ्याबाहेरच थांबली. आत पिंपाशी एक बाई बसली होती; चाहूल लागताच तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जरा बाहेर येतेस? दोन शब्द बोलायचेत."

"इथूनच बोला. मला काम आहे."

"आत मला यायचं नाही. पाऱ्याने आजारी पडले होते मी."

"मला काही झालं नाही," आतून आवाज आला. जरा वेळाने, "झोप तेवढी लागत नाही."

"आणि?"

"आणि काही नाही. माणसं बघायला लागली की नको वाटतं. तुम्ही जा ना."

मावशीने ओळखलं. हेच शब्द तिने शेठला दाराआडून सांगितले होते. तिला आत जाऊन त्या बाईचा हात धरावासा वाटला, पण त्याने काय होईल हे तिला ठाऊक होतं. ती वळली, शेडकडे पाठ करून अंगणातल्या पायरीवर बसली आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून बोलू लागली.

"मी बघत नाही तुझ्याकडे. बघ, पाठ आहे माझी. तुला यावंसं वाटलं तर येऊन शेजारी बस. नाही वाटलं तरी मी जरा बोलते, मला बोलायची सवय आहे."

आणि ती बोलू लागली. डब्यांची गोष्ट सांगितली, सुनेच्या लाल झालेल्या कानांची सांगितली, आपल्याच घरात आपण परक्यासारखं कसं वागत होतो ते सांगितलं. सळईचा आवाज थांबला. मागे काचेवरून चालणारी पावलं वाजली. वहिनी येऊन पायरीवर बसली, मध्ये हातभर जागा सोडून. तिनेही भिंतीकडेच तोंड केलं होतं.

"माझी मुलगी म्हणते, तू पूर्वी अशी नव्हतीस," ती म्हणाली.

"मग तिचं खरं आहे."

वहिनीने हात पुढे केले. मावशीने शब्द दिल्याप्रमाणे चेहऱ्याकडे पाहिलं नाही, फक्त हातांकडे पाहिलं. मग आपलेही हात तिच्या हातांशेजारी पसरले. दोघींचे हात थरथरत होते, एकीचे कमी, एकीचे जास्त.

दुसऱ्या दिवशी सून दोघींना गाडीत बसवून इस्पितळात घेऊन गेली. वहिनीच्या तपासणीत पारा निघाला. भंगारवाल्याने तो कागद उलटसुलट करून पाहिला, मग शेड बंद केली. आणि त्याच आठवड्यात हातगाडीवर उभ्या खोक्यांत नीट कागद कोंबून आपल्या उरलेल्या ट्यूबा शेठच्या दारात आणून लावल्या. मावशीशी नजर न मिळवता तो म्हणाला, "वहिनीने भरून दिलंय. मला हात लावू दिला नाही."

वहिनीला बरं व्हायला मावशीपेक्षा जास्त दिवस लागले. तिची मुलगी मधूनमधून येऊन मावशीला विचारायची, आज आई चिडली, अजून किती दिवस? मावशीला ते सांगता येत नसे, पण ती त्या मुलीला बसवून घ्यायची आणि गप्पांत गुंतवायची. हळूहळू वहिनी दर आठवड्याला सुनेच्या गाडीतून ट्यूबा घेऊन कारखान्यात जाऊ लागली. परतल्यावर काय काय पाहिलं ते शेठला सांगत बसायची, आणि शेठ आपली खुर्ची तिला देऊन उभा राहून ऐकायचा.

मावशीच्या उजव्या हाताचं एक बोट मात्र अजून हलतं. सुईत दोरा ओवता येत नाही. तो सून ओवून देते, आणि तेवढ्या वेळात मावशी तिला काहीतरी सांगून घेते.